तुळईवरची गाडी

आहुप्याचा गेणभाऊ घोडेगावच्या मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकी होता. हाताला चव होती आणि पंगत कितीही मोठी असली तरी तो गडबडत नसे, म्हणून मे महिन्यात वसतिगृह बंद झालं की लग्नांची कामं आपसूक चालून यायची. त्यामुळे भातलावणीचे दिवस सोडले तर तो घरी फारसा नसायचाच. बायको कोंडाबाई आहुप्याला राहायची. भाताची खाचरं, नाचणीचा डोंगरउतारावरचा वरकस तुकडा, हिरडा गोळा करायचा, असं तिचं चाललेलं असे. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या घरात धाकटा दीर सावळाराम होता, तेवढाच आधार.

२००५ सालच्या उन्हाळ्यात लोणीचे भिमाजीनाना वसतिगृहावर आले. नाना बागायतदार माणूस, त्यांचा ऋषी चीनमधल्या चोंगचिंग नावाच्या शहरात डॉक्टरी शिकत होता.

"गेणभाऊ, पोरगं वाळून पार काटकी झालंय," नाना म्हणाले. "तिथं भाकरी न्हाई, आमटी न्हाई. आपल्याकडची बरीच पोरं हायेत तिथं. आमी सगळ्यांच्या आईबापांनी मिळून मेस काढायची ठरवलीय. तू जा. दोन वर्सांचा प्रश्न हाय."

"लांब किती हाय, नाना?"

"इमानानं जायचं, राव. लांब काय आन जवळ काय."

गेणभाऊ म्हणाला, घरी विचारतो. शनिवारी तो एसटीनं आहुप्याला गेला. कोंडाबाई अंगणात हिरडा वाळत घालत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि हिरडा पसरत राहिली.

"दोन वर्सं म्हंजी दोन भातं," ती म्हणाली.

"नको म्हनलीस तर न्हाई जात."

"जावा की. इथं तरी कुठं घरी असता?"

ती रागानं बोलली नव्हती. जे होतं ते बोलली होती. पण मुंबईच्या विमानतळावर, मग विमानात, गेणभाऊच्या कानात तेच एक वाक्य फिरत राहिलं.

चोंगचिंग डोंगरावर वसलेलं शहर निघालं. दोन नद्या, त्यांच्यामधल्या चढउतारांवर इमारती, आणि सगळीकडं पायऱ्याच पायऱ्या. हिवाळ्यात तर सकाळी असं धुकं पडायचं की समोरची इमारत दिसू नये. गेणभाऊला त्या धुक्याचं काही वाटलं नाही. आहुप्याला श्रावणात याहून दाट असतं. बाकी सगळंच नवं होतं. कॉलेजच्या मागच्या गल्लीत एका इमारतीत मेस होती. आला त्याच दिवशी त्यानं पिठलं केलं, आणि पोरं पातेल्याचं बूड निघेपर्यंत उठली नाहीत.

पहिल्या रविवारी ऋषी म्हणाला, "मामा, चला, तुम्हाला गाडीत बसवतो."

जुन्नर-आंबेगावात रेल्वे नाही. पुणे-नाशिक लाईन येणार, आज येणार, उद्या येणार, असं गेणभाऊ लहानपणापासून ऐकत होता. त्यामुळे चाळिशीला टेकलेला हा माणूस आयुष्यात कधी आगगाडीत बसला नव्हता. पहिल्यांदा बसला तो थेट चीनमध्ये, आणि तेही मोनोरेलमध्ये.

स्टेशन उंच खांबांवर होतं. गेणभाऊनं वाकून खाली पाहिलं. "ऋषी, रूळ कुठंयत?"

"रूळ नाहीत, मामा. ती सिमेंटची तुळई दिसते ना, तिच्यावर चालते. खाली रबरी चाकं आहेत."

गाडी आली तीही फारसा आवाज न करता. आत शिरल्यावर गेणभाऊनं दोन्ही हातांनी दांडा धरला. गाडी निघाली, वळली, आणि एका बाजूला खोल खाली नदी उघडी पडली. दुसऱ्या बाजूला कातळाचा उभा डोंगर आणि त्यावर हिरवी झुडपं. मध्ये हवेत ही गाडी. मग समोर एक मोठी इमारत दिसली आणि गाडी वळायचं नाव घेईना. त्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी त्या इमारतीच्या पोटातच थांबलेली होती. स्टेशनच तिथं होतं, लिझिबा नावाचं. ऋषी म्हणाला, याच्या वरही माणसं राहतात. गाडी पलीकडून बाहेर पडली तेव्हा गेणभाऊनं मागं वळून पाहिलं. वरच्या एका गॅलरीत एक बाई निवांत कपडे वाळत घालत होती, जणू खालून रोज गाडी जाणं म्हणजे रस्त्यानं म्हैस जाण्यासारखं.

हे कोंडाबाईला सांगायला पाहिजे, असं त्याला वाटलं. त्या शहरात आल्यापासून पहिल्यांदाच त्याला कुणाला काही सांगावंसं वाटलं होतं.

आहुप्यात तेव्हा मोबाईलची रेंज नव्हती. कोंडाबाई बाजाराच्या दिवशी एसटीनं घोडेगावला यायची आणि चिमाजीच्या किराणा दुकानात फोनशेजारी बसून राहायची. चिमाजी हौशी माणूस, फोन स्पीकरवर टाकायचा. त्यामुळे दुकानातलं गिऱ्हाईकही ऐकायचं.

"टांगलेली हाय का गाडी?" तिनं विचारलं.

"टांगलेली न्हाई गं. घोड्यावर आपन मांड टाकून बसतो का न्हाई, तशी तुळईवर बसलेली. आन घरातून जाती."

"कुनाच्या घरातून?"

"मोठी बिल्डिंग हाय. वर मान्सं ऱ्हात्यात, मधून गाडी जाती."

दुकानात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "गेणभाऊ, तिकडची दारू लई कडक दिसतीय!" पुढं कितीतरी दिवस बाजारात बायका कोंडाबाईला विचारायच्या, "तुझ्या घरातून कदी जाती गं गाडी?" तिनं मग लोकांत बोलणं सोडून दिलं. पण चिमाजीला तिनं एवढंच सांगितलं, "माझा फोन आला की ते भोकाड बंद ठेवत जा." चिमाजीनं ऐकलं. त्या दिवसापासून ती रिसीव्हर कानाला घट्ट दाबून, भिंतीकडं तोंड करून बोलायची.

"तुमी बसता कुठल्या बाजूला?" एकदा तिनं विचारलं.

"जागा मिळंल तिथं."

"नदीच्या बाजूला बसत जावा. आन मला सांगत जावा."

मग गेणभाऊ दर रविवारी भाजीच्या बाजाराला जाताना नदीच्याच बाजूला बसायचा. जागा नसली तर काचेला नाक लावून उभा राहायचा. पाण्याचा रंग, पाण्यावरच्या होड्या, काठावर गळ टाकून बसलेली म्हातारी माणसं, पलीकडच्या डोंगराला लागलेलं धुकं, हे सगळं तो डोक्यात भरून ठेवायचा आणि फोनवर ओतायचा. ती मधूनच विचारायची, "मग?" लग्नाला चौदा वर्षं झाली होती. इतकं ते एकमेकांशी कधीच बोलले नव्हते.

भाजीच्या बाजारात त्याला लाओ यांग भेटला. त्या शहरात वाहनं सगळीकडं पोचत नाहीत, पायऱ्या फार. म्हणून बांबूच्या काठीला दोन्हीकडं दोरानं ओझं बांधून खांद्यावरून वाहणारे हमाल चौकाचौकांत उभे असायचे. गेणभाऊनं पहिल्यांदा पाहिलं आणि मनात म्हणाला, ही तर आपली कावड. कांदे-बटाट्यांची पोती घेऊन पुढं चाललेल्या म्हाताऱ्या यांगला त्यानं थांबवलं, काठी आपल्या खांद्यावर घेतली आणि चालीला झोका देत पायऱ्या चढून दाखवल्या. बाकीचे हमाल ओरडायला लागले. यांग पोट धरून हसला. तेव्हापासून मेसची पोती दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर गेली नाहीत. यांग पोती टाकून मेसच्या दारात बसायचा, गेणभाऊ त्याला चहा द्यायचा. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती. दोघं आपापल्या भाषेत बोलायचे आणि माना हलवायचे.

यांग मोनोरेलमध्ये कधी बसला नव्हता. पाय आहेत तोवर कशाला, असं त्याचं म्हणणं ऋषीनं एकदा सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी वसंतात एका रविवारी गेणभाऊनं त्याला हाताला धरून आणलं. ऋषीही बरोबर होता. यांग काठी गुडघ्यांत धरून ताठ बसून राहिला. गाडी वळली, नदी दिसली, तसा तो उठला. काचेवर पंजा टेकवला आणि भराभर काहीतरी बोलायला लागला.

"काय म्हनतोय?" गेणभाऊनं विचारलं.

ऋषी ऐकत होता. "म्हणतोय, ही नदी पुढं मोठ्या नदीला मिळते. त्या मोठ्या नदीवर खाली, होडीनं लांब गेल्यावर, त्याचं गाव होतं. धरणाचं पाणी आलं आणि गाव बुडालं. लोकांना वर डोंगरात नवीन गाव दिलं. मुलगा तिथं असतो. हा इकडं आला."

गेणभाऊ खालच्या पाण्याकडं बघायला लागला. कोंडाबाईचं माहेर जांभूळवाडी. त्याची वरात तिथूनच निघाली होती. नंतर डिंभे धरणाचं पाणी चढत गेलं, वाडी खाली राहिली, माणसं वरच्या अंगाला आली. तिचे आईवडील त्यानंतर फार जगले नाहीत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाडीचं देऊळ, घरांचे चौथरे उघडे पडत. कोंडाबाई दर मे महिन्यात तिथं जाऊन येते एवढं त्याला ठाऊक होतं. बरोबर जायची वेळ कधी आली नव्हती. मे महिन्यात तो कुठंतरी कुणाच्या तरी लग्नाचा मसालेभात करत असायचा.

पुढच्या फोनवर त्यानं यांगची गोष्ट सांगितली.

"हायेस का?"

"हाय." मग ती म्हणाली, "त्याचं गाव उन्हाळ्यात वर येतं का, तेवढं इचारा."

त्यानं ऋषीकरवी विचारलं. यांगनं मान हलवली. नाही. फार खोल आहे, कधीच वर येत नाही. चहाचा पेला त्यानं दोन्ही हातांत धरला होता. थोड्या वेळानं त्यानं उलट विचारलं, आणि ऋषीनं ते मराठीत आणलं, "तो विचारतोय, तुमच्या बायकोचं गाव वर येतं तेव्हा ती तिथं जाऊन काय करते?"

गेणभाऊ उत्तर द्यायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला माहीतच नाही. म्हातारा त्याच्याकडं बघत होता. "सांगतो म्हनावं, इचारून सांगतो," गेणभाऊ म्हणाला आणि आत जाऊन पीठ मळायला लागला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यानं स्टेशनवरच्या फोनवरून विचारलं.

"काय करनार?" कोंडाबाई म्हणाली. "आमच्या चौथऱ्यावरचा गाळ हातानं बाजूला करती. मग बसती. आईची चूल व्हती तिथं बसती. भाकर नेलेली असती, ती खाती. चार वाजता उठती आन वर येती."

"एकटीच?"

"आनि कोन असनार?"

फोन ठेवल्यावर गेणभाऊ बराच वेळ स्टेशनवर बसून राहिला. गाड्या येत होत्या, दारं उघडत होती, मिटत होती. घोडेगाव ते आहुपे एसटीनं काही तासांचा रस्ता. तेवढ्या अंतरावर राहूनही या माणसानं आपल्या बायकोला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. तो विचारला एका परक्या देशातल्या हमालानं.

२००७ च्या पावसाळ्याच्या तोंडावर करार संपला. निघताना यांगनं त्याला मिरचीच्या तेलाची बाटली दिली आणि स्टेशनच्या पायऱ्यांपर्यंत त्याची बॅग काठीला बांधून आणली. वर गाडीत काही चढला नाही. खालीच उभा राहून हात हलवत राहिला.

आहुप्याला आल्यावर गेणभाऊला वाटलं होतं, आता जीव भांड्यात पडेल. तसं झालंही. वसतिगृहात तोवर दुसरा स्वयंपाकी लागला होता, म्हणून तो घरीच राहिला. घर शाकारलं, लावणी झाली, सावळारामच्या पोरांना चीनच्या गोष्टी सांगून झाल्या. पण रविवार आला की त्याला करमेना. देवराईच्या कडेला जाऊन तो खालच्या दरीकडं बघत बसायचा. कोंडाबाईनं ते पाहिलं.

"तिकडची सय येती व्हय?"

"येती," तो म्हणाला. "तिथं असताना इथली यायची. आता तिकडची. काय डोकं हाय, कळत न्हाई."

"मला बी येती," ती म्हणाली.

"तुला? तू कुठं बघितलंय?"

"फोनची सय येती. आता तुमी घरात असता, पन बोलत न्हाई तेवढं."

पुढच्या मे महिन्यात लग्नाचं एकही काम गेणभाऊनं घेतलं नाही. दोघं सकाळीच निघाले आणि दुपारपर्यंत धरणाच्या पात्रात उतरले. गाळ वाळून भेगाळला होता. कोंडाबाई पुढं चालत होती, जणू गल्ल्या अजून तशाच होत्या. हे शेलारांचं घर, ही विहीर, इथं चिंच होती. एका चौथऱ्याशी ती थांबली. दोघांनी मिळून गाळ बाजूला केला. भाकर सोडून खाल्ली. वारा सुटला होता आणि पलीकडच्या डोंगराचं पाण्यात हलतं रूप दिसत होतं.

"ही अशीच दिसती ती नदी," गेणभाऊ म्हणाला. "गाडीतून. फक्त पानी जास्त."

कोंडाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "मला दाखवा ती गाडी."

त्यानं हसण्यावारी नेलं. पण महिन्याभरात भिमाजीनाना पुन्हा आले, या वेळी थेट आहुप्याला. मधल्या काळात नेलेला आचारी पळून आला होता, पोरांचे हाल चालले होते, ऋषीची अजून दोन वर्षं बाकी होती.

"जातो, नाना," गेणभाऊ म्हणाला. "पन एकटा न्हाई. दोघं जानार. पोरांची संख्या बी वाढलीय, भाकऱ्या थापायला दुसरं मानूस लागंलच."

नाना कोंडाबाईकडं बघत राहिले. "वहिनी, जमंल का तुमाला?"

"भाकरीला काय, चीनची चूल येगळी असती का?" ती म्हणाली.

अशी आहुप्याची कोंडाबाई २००८ च्या गणपतीनंतर चोंगचिंगला पोचली. नऊवारी नेसून, डोक्यावर पदर, पायांत कॅनव्हासचे बूट. पहिल्या रविवारी गेणभाऊनं तिला नदीच्या बाजूची खिडकी दिली. आजूबाजूची माणसं तिच्याकडं बघत होती, ती बाहेर बघत होती. गाडी इमारतीत शिरली, थांबली, बाहेर पडली. तिनं मान वळवून वरच्या गॅलऱ्यांकडं पाहिलं.

"म्हंजी खरं सांगत व्हता तुमी."

"मग? तुला काय वाटलं?"

"मला वाटायचं, मला बरं वाटावं म्हनून काईबाई रचून सांगता." ती पुन्हा नदीकडं वळली. "तरी बी मी ऐकायची."

यांग मात्र बाजारात नव्हता. पायऱ्यांवर नवी माणसं उभी होती. एका जुन्या हमालानं ऋषीला सांगितलं, यांगचा गुडघा गेला, मुलगा येऊन त्याला नव्या गावी घेऊन गेला. त्याच्याकडं मुलाचा मोबाईल नंबर होता.

मेसमध्ये, दुपारच्या जेवणानंतर, ऋषीनं फोन लावला. आधी मुलगा बोलला, मग यांग आला. गेणभाऊ मोठ्यानं "लाओ यांग!" म्हणाला, पलीकडून तसाच मोठा आवाज आला, दोघं हसले आणि पुढं काय बोलायचं ते दोघांनाही कळेना. तेव्हा कोंडाबाईनं हात पुढं केला. "द्या इकडं."

ऋषी म्हणाला, "मामी, तुम्ही सांगा, मी चिनीत सांगतो."

पण तिनं फोन कानाला लावला आणि भिंतीकडं तोंड केलं. "बाबा, मी कोंडाबाई," ती म्हणाली. "गेणभाऊच्या घरातली. माझं म्हायेर बी पान्याखाली हाय. उन्हाळ्यात वर येतं, आमी दोघं जाऊन आलो. आईच्या चुलीची जागा अजून हाय. तुमचं येत न्हाई म्हने. मला लई वाईट वाटलं." मग ती ऐकू लागली. पलीकडून म्हातारा बोलत होता, बराच वेळ, मध्ये थांबत, पुन्हा सुरू करत. ती "व्हय", "व्हय बाबा", "मग?" असं म्हणत होती. ऋषी पुढं झाला तर गेणभाऊनं त्याचा दंड धरून थांबवलं.

फोन ठेवून तिनं पदरानं डोळे पुसले.

"काय म्हणाले, मामी?" ऋषीनं विचारलं.

"गाव सांगत व्हते," ती म्हणाली. "घर कुठं, पार कुठं, नदीला उतरायची वाट कुठं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दुसरं काय सांगतंय मानूस," असं म्हणून ती भांडी आवरायला उठली.

ते वर्ष बरं गेलं. पोरं तिला मामी म्हणत मागं-पुढं फिरायची, बाजारातल्या बायका तिच्या नथीला हात लावून बघायच्या. पण एप्रिल उजाडला तशी ती मधूनच हातातलं काम थांबवून उभी राहू लागली. एव्हाना सावळारामनं मोबाईल घेतला होता. टेकडीवर चढलं की त्याला रेंज मिळायची.

"पानी कुठवर उतरलंय, भाऊजी?" ती विचारायची.

"वाडीच्या देवळाचा कळस दिसाय लागलाय, वहिनी."

आठवड्यानं पुन्हा. "देऊळ निम्मं वर आलंय."

मे महिन्यातल्या एका रविवारी ती आणि गेणभाऊ बाजारातून परतत होते. भाजीच्या पिशव्या पायांशी, खिडकी नदीच्या बाजूची. वरच्या भागात पाऊस झाला असावा, पाणी गढूळ होतं.

"आता चौथरे उघडे पडले असतील," कोंडाबाई म्हणाली. "औंदा तिथं कुनीच जानार न्हाई."

"सावळारामला सांगू का जाऊन यायला?"

"तो जाऊन काय करंल? त्याला चुलीची जागा तरी ठाव हाय का?"

गेणभाऊनं तिच्याकडं पाहिलं. ती काचेतून बाहेर बघत होती. ज्या गाडीसाठी ती इतक्या लांब आली होती तिच्यातच ती बसली होती, आणि तिचा जीव डिंभ्याच्या गाळात अडकला होता. त्याला हसूही आलं आणि भरूनही आलं.

"पुढच्या उन्हाळ्याच्या आत परत जाऊ," तो म्हणाला. "ऋषीचं शिक्षान संपंल तवा संपंल. नानांना मी सांगतो."

"नाना रागावतील."

"रागावू दे."

तिनं पायाशी कलंडलेली पिशवी सरळ केली, त्यातून घरंगळलेला एक बटाटा उचलून परत आत टाकला. गाडी कातळाच्या कडेनं चढाला लागली. नदी झाडांच्या मागं गेली आणि ती पुन्हा दिसेल म्हणून कोंडाबाई मान वळवून तिकडंच बघत राहिली.